बाहुल्या डावखुऱ्या का दिसतात, आणि पुन्हा पाहताना आणखी काय दिसते

आर्णी तालुक्यातील एका शिक्षिका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पाचवी-सहावीत असताना त्या ‘गली गली सिम सिम’ ही मुलांसाठीची बाहुल्यांची मालिका मन लावून पाहत असत. आता त्या आपल्या सहा वर्षांच्या मुलीबरोबर तीच मालिका, आणि तिच्या जोडीने मूळची अमेरिकन ‘सेसमी स्ट्रीट’ आणि ‘द मपेट शो’ मोबाइलवर पुन्हा पाहत आहेत. परवा मुलीने विचारले, “आई, ह्या सगळ्या बाहुल्या डाव्या हातानेच का खातात?” ही बनवणाऱ्यांची चूक आहे की हे मुद्दाम केलेले आहे, आपल्या नजरेतून इतकी वर्षे हे कसे निसटले, आणखी काय काय निसटले असेल, आणि बाहुलीच्या आत माणूस असतो हे मुलीला सांगावे की नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

ताई, मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत ३३ वर्षे शिकवले आणि त्यातील बहुतेक वर्षे शाळेत, जत्रेत, गणपतीत बाहुल्यांचे खेळ केले. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या मुलीचे निरीक्षण बरोबर आहे आणि ती कोणाची चूकही नाही. तोंड उघडमीट करणारी बाहुली चालवताना कलाकाराचा एक हात तिच्या डोक्यात असतो आणि दुसऱ्या हाताने तिच्या मनगटाला जोडलेली बारीक काडी हलवायची असते. तोंड, मान आणि नजर सांभाळणे हे त्यातले सर्वांत नाजूक काम असल्यामुळे सरावाचा हात, म्हणजे बहुतेकांचा उजवा, डोक्यात जातो आणि काडीसाठी डावा उरतो. कलाकार आणि बाहुली यांची तोंडे एकाच दिशेला असल्याने कलाकाराच्या डाव्या हाताजवळ बाहुलीचाही डावाच हात येतो. म्हणून ‘द मपेट शो’मधला कर्मिट बेडूक हात हलवतो तो डावा, आणि ‘सेसमी स्ट्रीट’वरचा बर्ट चमचा उचलतो तोही डाव्यानेच. ज्या कलाकाराचा डावा हात सरावाचा असतो त्याची बाहुली याच न्यायाने उजव्या हाताची होते.

हे मला कोणत्याही पुस्तकातून कळले नाही, एका म्हातारीने कळवले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावी मारुतीच्या देवळासमोर माझा खेळ होता. दोन बाजा आडव्या उभ्या करून त्यांवर सतरंजी टाकली होती आणि मी मागे गुडघ्यांवर बसलो होतो. खेळाच्या शेवटी माझी बाहुली पुढे बसलेल्या पोरांना साखरफुटाणे वाटत असे. त्या दिवशी पहिलाच फुटाणा पोराच्या हातात पडला आणि मागून आवाज आला, “अवं, थे बाहुली डाव्या हातानं परसाद देऊन रायली!” सगळे देऊळ हसले. मी मात्र सतरंजीमागे गार पडलो, कारण तोवर शंभरेक खेळ करूनही मला स्वतःला ते दिसले नव्हते. घरी येऊन मी हात बदलून पाहिले. डावा हात डोक्यात घातल्यावर बाहुली अशी बोलू लागली की तिला नुकताच लकवा मारून गेला असावा असे वाटले. चार महिने आरशासमोर बसलो तेव्हा कुठे ते जमले, आणि तेसुद्धा फक्त प्रसाद वाटण्यापुरते.

नमस्काराची अडचण तर आणखी वेगळी आहे. परदेशी बाहुलीला एक हात हलवून भागते, आपल्याकडे दोन्ही हात जोडावे लागतात. त्यासाठी दोन्ही हातांच्या काड्या एकाच डाव्या मुठीत धराव्या लागतात. एक काडी अंगठा आणि तर्जनी यांच्यात आणि दुसरी करंगळीकडच्या बोटांत धरून मूठ आवळली की बाहुलीचे हात जुळतात, सैल केली की सुटतात. माझ्या काड्या जुन्या छत्रीच्या तारांच्या असतात. सुरुवातीला गावात फुकट मिळतात म्हणून तुराट्या वापरल्या होत्या, पण त्या भर खेळात कडकन मोडतात आणि तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. यापुढे पडद्यावर एखादी बाहुली टाळी वाजवेल किंवा हात जोडेल तेव्हा तिची मनगटे किती एकसारखी हलतात ते पाहा. दोन्ही हातांत थोडेही वेगळेपण नसेल तर काड्या एकाच मुठीत आहेत असे समजा.

मात्र सगळ्याच बाहुल्यांना काड्या नसतात, आणि येथे पुन्हा पाहण्याची खरी गंमत आहे. एर्नी आणि बर्ट ही जोडी घ्या. बर्टचे हात बारीक, लुळे आणि काडीवरचे आहेत. एर्नीचे हात म्हणजे हातमोजे आहेत आणि त्यांत खरी बोटे आहेत, म्हणून तो वस्तू पकडतो, डोके खाजवतो, रबरी बदक छातीशी धरतो. एर्नी एकट्याने चालवता येत नाही. मुख्य कलाकाराचा उजवा हात डोक्यात आणि डावा हात एर्नीच्या डाव्या हातात असतो, तर एर्नीचा उजवा हात त्याला चिकटून उभ्या असलेल्या दुसऱ्याच माणसाचा असतो. शिकाऊ कलाकाराला पहिले काम बहुधा हेच मिळते. एर्नी दोन्ही हातांनी एखादे काम करू लागला की उजवा हात क्षणभर उशिरा येतो का ते पाहा, कारण दोन माणसांना एका मनाने हलावे लागते. ‘द मपेट शो’मधील स्वीडिश शेफचे तर हात हातमोज्यातही नाहीत, ते सरळ माणसाचे उघडे हात आहेत. डोके आणि आवाज मपेट नावाच्या या बाहुल्यांचे जनक जिम हेन्सन यांचा आणि हात त्यांचे सहकारी फ्रँक ऑझ यांचे. भांडी फेकायला लागल्यावर डोके एकीकडे आणि हात भलतीकडे जातात ते त्यामुळेच, आणि अर्धा विनोद त्या बेबनावातूनच येतो.

आता, इतकी वर्षे तुम्हाला हे का दिसले नाही? कारण आपली नजर बोलणाऱ्याच्या मागे जाते. दिग्दर्शक, कलाकार, संवाद लिहिणारा या सर्वांची खटपट त्यासाठीच असते, आणि तुम्हाला काड्या दिसल्या नाहीत याचा अर्थ त्यांनी काम चोख केले. पुन्हा पाहताना मी स्वतः एक युक्ती करतो: आवाज पूर्ण बंद करून जी बाहुली बोलत नाही तिच्याकडे पाहतो. बोलणारी बाहुली कोणीही बरी चालवतो. ऐकणारी बाहुली चालवणे मात्र फार अवघड आहे. आमच्या खेळात सुरुवातीला माझे एक सहकारी शिक्षक दुसरी बाहुली धरत असत. स्वतःचे वाक्य संपले की त्यांचा हात आपोआप सैल व्हायचा आणि बाहुली मान टाकायची. पुढच्या रांगेतील पोरे लगेच ओरडायची, “सर, थे झोपली!” तुम्ही कर्मिट आणि फॉझी अस्वल यांचा एखादा प्रसंग असा मुका करून पाहा. फॉझी आपला फसलेला विनोद सांगत असताना कर्मिट एक शब्दही बोलत नाही, पण आतल्या बोटांनी त्याचा चेहरा हळूहळू चुरगळत जातो. कर्मिटच्या डोक्यात भरण जवळजवळ नाहीच. कापडाखाली थेट हात आहे, त्यामुळे मूठ आवळली की ओठ आक्रसतात आणि अंगठा मागे ओढला की हनुवटी आत जाते. आपण कापसाच्या मुलखात राहतो, म्हणून नवखे लोक बाहुलीच्या डोक्यात हमखास कापूस ठासतात. तसे करू नये. डोके जड होते, अर्ध्या तासात दंड भरून येतो आणि चेहरा मुका राहतो. पहिला कर्मिट १९५५ मध्ये हेन्सन यांनी आईच्या जुन्या कोटाचे कापड आणि टेबल टेनिसच्या चेंडूच्या दोन अर्ध्या वाट्या यांपासून बनवला होता, आणि त्या वेळी तो बेडूक म्हणून ठरलेलाही नव्हता. एवढ्याच सामानातून तो चेहरा निघाला, याचे कारण आतला हात मोकळा होता.

तोंडाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण ‘गली गली सिम सिम’ तुम्ही आता पुन्हा पाहाल तेव्हा सर्वांत जास्त येथेच सापडेल. शिकाऊ माणूस बाहुलीला बोलते करताना वरची चार बोटे उडवतो. त्यामुळे डब्याचे झाकण उघडावे तसे डोके मागे जाते आणि प्रत्येक शब्दाला बाहुली आकाशाकडे पाहते. जाणता माणूस चार बोटे स्थिर ठेवून अंगठा खाली नेतो. माणसाचाही खालचाच जबडा हलतो. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक अक्षराला तोंड उघडायचे नसते. “मी उद्या येतो” या वाक्यात पाच अक्षरे आहेत, पण तोंड ठसठशीत उघडते ते ‘द्या’ आणि ‘तो’ यांवर, बाकी अक्षरे त्यांच्या आधाराने निघून जातात. तोंड शब्दाबरोबर उघडले पाहिजे आणि शब्द संपल्यावर मिटले पाहिजे. मुलांनी चालवलेली बाहुली बहुधा याच्या उलट वागते, आणि त्यामुळे ती शब्द चावते आहे असे वाटते.

हे लक्षात ठेवून २००६ मध्ये सुरू झालेली ही हिंदी मालिका पाहा. तिच्यात दोन प्रकारचे तुकडे एकत्र शिवलेले आहेत. चमकी, बूम्बा, गूगली यांचे भाग आपल्याकडे हिंदीतच चित्रित झाले, तर एर्नी, बर्ट, ग्रोव्हर, एल्मो यांचे भाग मूळ इंग्रजी असून त्यांवर हिंदी आवाज चढवलेला आहे. लहानपणी दोन्ही एकाच गल्लीतले वाटतात. आता चमकीच्या तोंडाकडे पाहा. ‘आ’ आणि ‘ओ’ आले की तोंड उघडते, वाक्याच्या शेवटच्या ‘है’वर ते नीट मिटते. नंतर ग्रोव्हरकडे पाहा. हिंदी वाक्य संपून जाते आणि त्याचा जबडा आणखी दोनदा हलतो, कारण मूळ इंग्रजी वाक्य तेवढे लांब होते. आवाज देणारे कुशल होते, त्यांनी मध्येच एखादे ‘अरे’, ‘हाँ भई’ घालून ती जागा भरलेली आढळेल. अशी भरताड सापडली की मला तांदळातला खडा सापडल्यासारखा आनंद होतो. दातांखाली मात्र तो येत नाही, हे त्या आवाजवाल्यांचे श्रेय.

डोळ्यांच्या बाबतीत मी बराच काळ अडाणी होतो. मी सदऱ्याची काळी बटणे सरळ मध्यभागी शिवत असे आणि माझ्या सगळ्या बाहुल्या दूरच्या डोंगराकडे पाहत राहत. हेन्सन यांच्या बाहुल्यांना आकार देणारे डॉन साहलिन डोळ्यांची जागा सर्वांत शेवटी आणि फार विचारपूर्वक ठरवत, आणि बुबुळे किंचित नाकाकडे झुकवलेली असत. एवढ्याशा तिरळेपणामुळे बाहुलीची नजर समोरच्या माणसावर येऊन थांबते. मोबाइलवर चित्र थांबवून एर्नीचे डोळे पाहिलेत तर हा तिरळेपणा स्पष्ट दिसेल, चालू चित्रात तो कधीच जाणवत नाही. त्यानंतर मी माझी बटणे एक सूत आत सरकवून शिवली, आणि पुढच्याच खेळात एक पोर म्हणाले की बाहुली माझ्याकडेच पाहत होती.

आणखी एक जागा, जिच्याकडे कोणी पाहत नाही, ती म्हणजे चौकटीची खालची कड. बाहुलीवाले बहुधा जमिनीवर उभे असतात आणि देखावा त्यांच्या डोक्याच्या उंचीवर मंचकासारखा उभारलेला असतो. म्हणून टेबल, भिंत, खिडकी, कचऱ्याचा पिंप अशी काही ना काही आडोशाची वस्तू बहुतेक प्रसंगांत असते. कलाकार हात वर करून काम करतात आणि आपली बाहुली समोरच्या लहान पडद्यावर पाहतात. तो पडदा आरशासारखा उलटा नसतो, त्यामुळे बाहुलीला पडद्याच्या डावीकडे न्यायचे असेल तर स्वतःच्या उजवीकडे जावे लागते. हे अंगवळणी पडायला महिने लागतात, मला मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यावर करून पाहताना अजूनही घाम फुटतो. १९७९ च्या मपेटांच्या पहिल्या चित्रपटात कर्मिट दलदलीत ओंडक्यावर बसून बँजो वाजवतो, तेथे आडोसाच नाही. पाण्याखाली धातूच्या बंद टाकीत हेन्सन स्वतः बसले होते आणि हात वर काढून बाहुली चालवत होते. हा प्रसंग पाहताना ओंडक्याच्या पायथ्याशी पाणी किती शांत ठेवले आहे तेवढे पाहा.

‘सेसमी स्ट्रीट’वरील बिग बर्डच्या उजव्या पंखाबद्दल तुमच्या मुलीला आवर्जून विचारा. तो आठ फुटांहून उंच पक्षी कॅरल स्पिनी आतून एकटेच चालवत. उजवा हात डोक्यावर सरळ उभा धरून पक्ष्याचे तोंड, डावा हात डाव्या पंखात, आणि छातीला बांधलेला छोटा पडदा. मग उजवा पंख कोण हलवतो? कोणीच नाही. मासे धरण्याच्या गळाचा पारदर्शक दोरा मानेखालच्या कडीतून ओवून दोन्ही पंखांना जोडलेला आहे, त्यामुळे डावा खाली गेला की उजवा वर येतो. आपल्याकडे विहिरीवरच्या रहाटाची जी रीत तीच ही. एकदा हे कळले की तो पक्षी उजव्या पंखाने सहसा काही उचलत नाही हे दिसू लागते.

वर्षागणिक झालेले बदल पुन्हा क्रमाने पाहणाऱ्यालाच सापडतात. कचऱ्याच्या पिंपातला ऑस्कर १९६९ च्या पहिल्या पर्वात नारिंगी होता, दुसऱ्या पर्वापासून तो हिरवा झाला. ‘द मपेट शो’ १९७६ ते १९८१ अशी पाच पर्वे चालला. त्याच्या पहिल्या पर्वातील गोंझोच्या पापण्या कायम खाली पडलेल्या आहेत, त्यामुळे तो सदा रडवा दिसतो. पुढे त्याला हलणाऱ्या पापण्या मिळाल्या आणि त्या पात्राचा स्वभावच उल्हासी झाला. मिस पिगी आधी सामूहिक गाण्यातली एक साधी डुकरीण होती. हे बदल मी भरभर सांगतो आहे, पण गोंझोचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते, कारण तेथे यंत्रातील एका सुधारणेने पात्राचे मन बदलले.

आता एका चित्राबद्दल सांगतो. ‘सेसमी स्ट्रीट’वरील दुकानदार मिस्टर हूपर यांची भूमिका करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. निर्मात्यांनी पात्र गावाला गेले असे सांगण्याऐवजी ते मरण पावले असे मुलांना सांगायचे ठरवले, आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये तो भाग दाखवला गेला. त्यात बिग बर्ड सर्वांना स्वतः काढलेली चित्रे वाटतो आणि हूपरांचे चित्र हातात धरून ते कधी परत येतील असे विचारतो. ती चित्रे प्रत्यक्षात स्पिनी यांनीच काढली होती. हा भाग पुष्कळांना ठाऊक आहे. पण नंतरच्या वर्षांतील भाग पाहताना बिग बर्डच्या घरट्याजवळ भिंतीकडे नजर टाका. हूपरांचे ते चित्र तेथे टांगलेले दिसते, आणि त्याबद्दल कोणी काही बोलत नाही. आपल्या घरात आजोबांचा फोटो जसा असतो, तसे. मी ते चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा मोबाइल खाली ठेवून अंगणात जाऊन बसलो होतो. त्याच मालिकेतील स्नफी हा केसाळ प्राणी १९७१ पासून फक्त बिग बर्डला दिसत असे आणि मोठी माणसे येण्याआधी निघून जात असे. १९८५ मध्ये तो मोठ्यांनाही दिसला, कारण खरे सांगूनही मोठे आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत असा धडा मुलांनी घेऊ नये, असे निर्मात्यांना वाटू लागले. जुने भाग पाहताना तो प्रत्येक वेळी किती थोडक्यात निसटतो आणि बिग बर्ड किती कळवळून सांगतो याकडे लक्ष द्या. पूर्वी आपण तेथे हसत होतो.

मराठीत हाच सराव करायचा असेल तर शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा अर्धवटराव पाहावा. तेथे आडोसा नाही, माणूस शेजारीच बसलेला आहे. बाहुलीच्या वाक्यांत प, फ, ब, भ, म ही ओठ जुळवणारी अक्षरे येतात तेव्हा पाध्ये यांच्या ओठांकडे पाहायचे तुम्ही ठरवाल आणि पुन्हा अर्धवटरावाकडेच पाहाल, कारण पाध्ये स्वतः त्याच्याकडे पाहत असतात. माझे दहापैकी आठ प्रयत्न याच रीतीने फसले आहेत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. ताई, मुलीला खुशाल सांगा. माझ्या प्रत्येक खेळात एक तरी पोर सतरंजीमागे डोकावते. पूर्वी मी त्यांना हाकलत असे, मग थांबवणे सोडले. एकदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, हातात लाकडी नंदीची दोरी धरलेला एक मुलगा थेट मागे आला. त्याने मला पाहिले, माझा घामेजलेला हात पाहिला, काडी पाहिली, “गुरुजी, तुमी हावो का!” असे म्हणाला आणि नंदी ओढत पुन्हा पुढे गेला. मी वर बाहुली धरलेलीच होती. पुढे जाऊन त्याने नंदी तिच्यासमोर उभा केला आणि तिला विचारले, “माह्या नंदीले हात लावतं का?” मला उजवा हात द्यायचा होता, पण काडी डावीकडेच होती.